तालमीतला उजेड आणि खिशातला कॅमेरा

मंडळी, कॅमेऱ्याच्या दुकानात गेलं की आपला पहिला प्रश्न असतो, ‘किती मेगापिक्सेलचा?’ आणि दुसरा, ‘झूम किती?’ हे दोन्ही जरा बाजूला ठेवा. आधी हे ठरवा की आपण जिथे फोटो काढणार, तिथे उजेड किती असतो. रोजचा कॅमेरा संध्याकाळी रंकाळ्यावर निघतो, घरात ट्यूबलाइटखाली निघतो, पावसात पन्हाळ्यावर निघतो. दुपारच्या उन्हात कुठलाही कॅमेरा चांगलाच फोटो देतो. उजेड कमी पडला की त्याचा कस लागतो.

तालमीचंच उदाहरण घेऊ. जुन्या तालमीत खिडक्या लहान, वर एक-दोन दिवे, आणि तांबडी माती उजेड पिऊन टाकते. तीन शब्द आधी समजून घ्या. एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या तोंडाचं माप: आकडा लहान, तेवढं तोंड मोठं आणि उजेड जास्त. शटर म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा तो वेळ. आणि आयएसओ वाढवलं की कमी उजेडातही फोटो उजळतो, पण दाणेदार होतो. अशा जागी लेन्स एफ/१.८ वर आणि आयएसओ १६०० वर ठेवलं, तर शटर साधारण १/१६० सेकंद मिळतं. मालिश करून घेत बसलेला पैलवान एवढ्यात स्वच्छ येतो. आता तिथेच झूम लांब केला आणि लेन्स एफ/५.६ वर गेली, तर तेवढंच शटर राखायला आयएसओ साडेपंधरा हजारांच्या घरात न्यावं लागतं. गणित साधं आहे. ५.६ ला १.८ ने भागायचं आणि उत्तराचा वर्ग करायचा. ९.७ येतात. म्हणजे उजेड जवळजवळ दहाव्या हिश्श्यावर आला. छोट्या कॅमेऱ्यात एवढ्या आयएसओवर चेहऱ्याचा नुसता रवा होतो. आणि डाव टिपायचा असेल तर शटर १/५०० हवं. त्याला एफ/१.८ वरसुद्धा आयएसओ ५००० लागेल.

म्हणून लेन्सवर छापलेले दोन आकडे वाचायला शिका. ‘एफ/१.८–४.९’ असं लिहिलेलं असेल, तर १.८ हा फक्त झूम पूर्ण आत असतानाचा आकडा. झूम पूर्ण बाहेर काढला की ४.९ होतो. जाहिरातीत पहिलाच आकडा मोठ्या अक्षरात असतो. सोनीच्या आरएक्स१०० या एकाच मालिकेत हे नीट दिसतं. मार्क ३ ते मार्क ५ ची लेन्स २४–७० मिलिमीटर (आकडा लहान तेवढी नजर रुंद, मोठा तेवढं लांबचं जवळ), एफ/१.८–२.८ होती. २०१८ च्या मार्क ६ मध्ये ती २४–२०० झाली, पण आकडा एफ/२.८–४.५ वर गेला. झूम वाढला आणि जवळच्या टोकाला उजेड निम्म्याहून कमी झाला. घरातल्या, सणावारातल्या फोटोंसाठी मी बेधडक जुनी मार्क ३ ते ५ ची लेन्स सुचवतो. पक्षी आणि लांबचे डोंगर टिपणाऱ्याने नवी घ्यावी.

तालमीतली आणखी एक अडचण आताच सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही. कॅमेरा इलेक्ट्रॉनिक शटरवर असेल तर फोटोत आडवे काळपट पट्टे उमटतात, आणि लोक समजतात कॅमेरा बिघडला. मेनूत जाऊन मेकॅनिकल शटर निवडा, आणि हालचाल फार नसेल तर १/१०० किंवा १/५० ठेवा. पट्टे जातात.

आता सेन्सर, म्हणजे लेन्सच्या मागची उजेड टिपणारी चकती. साध्या छोट्या कॅमेऱ्यात १/२.३ इंची सेन्सर असतो. त्याचं क्षेत्रफळ जेमतेम २८ चौरस मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. ज्याला ‘एक इंची’ म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर. त्याची कुठलीच बाजू इंचभर नसते. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून पडलेलं हे नाव आहे. त्यापुढचा एपीएस-सी २३.५ बाय १५.६, म्हणजे सुमारे ३६६. आज चांगल्या फोनमधला मुख्य सेन्सर १/१.३ इंची असतो, काही फोनमध्ये तर एक इंची. तेव्हा १/२.३ इंची सेन्सरचा कॅमेरा घेऊन फोनपेक्षा सरस फोटो मिळेल ही आशा सोडून द्या. तो घ्यायचा तर लांब झूमसाठी किंवा पाण्यात-चिखलात नेण्यासाठी.

मोठा सेन्सर म्हणजे अंधारात नेहमीच पुढे, असंही नाही. रिकोचा जीआर ३ एपीएस-सी आहे, पण लेन्स एफ/२.८. एक इंची कॅमेरा एफ/१.८ चा. सेन्सर तिप्पट मोठा, उजेड अडीच पटीने कमी. दोन्ही हिशेब एकत्र केले तर रिको थोडाच पुढे राहतो. त्याचा खरा गुण आकारात आहे: बॅटरी आणि कार्डासह २५७ ग्रॅम, जाडी ३३ मिलिमीटर. पँटच्या खिशात जातो. पण झूम नाही, फ्लॅश नाही, डोळ्याला लावायची खिडकी नाही. लेन्स २८ मिलिमीटरच्या नजरेची आहे, म्हणजे हातभर अंतरावरून चेहरा काढला तर नाक मोठं येणार. माणसांचे फोटो जास्त काढणाऱ्यांनी त्याचाच ४० मिलिमीटरचा भाऊ, जीआर ३एक्स, बघावा. फुजीचा एक्स१००व्हीआय सुंदर कॅमेरा आहे, पण ५२१ ग्रॅम. तो खिशात मावत नाही, पिशवीत जातो. आणि पिशवी घरी राहिली की कॅमेराही घरीच. दुकानात जाताना रोजचेच कपडे घालून जा आणि कॅमेरा खिशात घालून दोन जिने चढून बघा.

कॅननच्या जी७ एक्स मार्क २ आणि ३ या दोन्हींची लेन्स २४–१००, एफ/१.८–२.८. घरगुती वापराला यापेक्षा समतोल लेन्स खिशाच्या मापात मिळणं कठीण. खिडकी मात्र नाही, तेव्हा भर उन्हात पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसतो.

कुठलाही घ्या, पहिल्याच दिवशी तीन गोष्टी लावून ठेवा. ऑटो आयएसओची कमाल मर्यादा एक इंचीला ३२००, एपीएस-सीला ६४००. कमीत कमी शटर १/१२५. आणि फोटो उजळ किंवा गडद करणारी प्लस-मायनसची चकती कुठे आहे ते बोटांना पाठ करून घ्या. नवरात्रात देवळावरची रोषणाई काढताना आकाश काळं असल्यामुळे कॅमेरा फसतो आणि दिवे पांढरेफटक करतो. तिथे मायनस १. पन्हाळ्याच्या धुक्यात उलटं होतं, धुकं राखाडी येतं. तिथे प्लस १. आणि फ्लॅश बंद, नाहीतर धुक्याच्या थेंबांचे पांढरे गोळे फोटोभर दिसतील.

जुना कॅमेरा घेत असाल तर दहा वेळा चालू-बंद करा. लेन्स बाहेर येताना करकरली किंवा अडखळली, तर आत रेती आहे. मग पांढरा कागद एफ/११ वर, फोकस मुद्दाम बिघडवून काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, आणि लेन्स निघत नसल्याने कॅमेरा उघडल्याशिवाय ती जाणार नाही. लेन्समध्ये टॉर्च तिरकी मारा, कोळिष्टकासारखे धागे दिसले तर बुरशी. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे कॅमेरे सध्या हौसेने घेतले जातात. त्यांत कार्ड कुठलं लागतं ते आधी विचारा. काहींना एक्सडी कार्ड लागतं. काहींना फक्त जुनं एसडी चालतं, म्हणजे २ जीबीपर्यंतच. ६४ जीबीचं कार्ड ते ओळखतच नाहीत.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात बुरशी हा खरा शत्रू. कॅमेरा कपाटातल्या कातडी पाकिटात ठेवू नका, कातडं ओल धरतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घाला आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. तांदळात तर मुळीच ठेवू नका, पीठ आत जातं. एसी गाडीतून थेट धुक्यात उतरलात तर काचेवर वाफ धरते. उतरण्याआधीच कॅमेरा प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घाला आणि पंधरा-वीस मिनिटं पिशवी उघडू नका.

शेवटी जोतिबा. चैत्री पौर्णिमेला डोंगरावर गुलालाचा धूर असतो. आतबाहेर होणारी लेन्स तिथे भात्यासारखी काम करते, प्रत्येक झूमला गुलाल आत ओढते. नेलाच असा कॅमेरा, तर झूम एका जागी ठेवून काढा, आणि घरी आल्यावर फडक्याने पुसू नका, तोंडाने फुंकू नका. ओल लागली की गुलालाचा रंग बसतो. रबरी ब्लोअरने, लेन्स खाली धरून उडवा, मग मऊ ब्रश. दरवर्षी जाणाऱ्याने ऑलिंपसचा टीजी-६ किंवा त्याच जातीचा पुढचा टीजी-७ घ्यावा. लेन्स बाहेर येतच नाही, १५ मीटर पाण्यात चालतो. सेन्सर लहानच आहे, पण उन्हातल्या यात्रेला पुरतो. जाण्याआधी झाकणाच्या रबरावर केस किंवा कण अडकलेला नाही ना, ते बघा. एका केसानेही पाणी आत येतं. परत आल्यावर नळाच्या साध्या पाण्यात बुडवून ठेवा, कोरडा पुसा, आणि पूर्ण वाळल्यावरच झाकण उघडा. उघडताना ते जमिनीकडे धरा, म्हणजे कडेला राहिलेला थेंब बॅटरीच्या खोबणीत न जाता खाली पडेल.