गोड मासा की मिरीचा?

श्रोतेहो, नमस्कार. मी अलिबागची. मासळीबद्दल कुणी मत विचारलं की ते देऊन मोकळी होते, समोरच्याला रुचो न रुचो. आजची गोष्ट मात्र न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली आहे. लेकीच्या बाळंतपणासाठी थंडीतले चार महिने मी तिकडे होते. तिचं घर बरो पार्कच्या कडेला. बरो पार्क म्हणजे सनातनी ज्यू लोकांची मोठी वस्ती. काळे लांब कोट, काळ्या हॅटा, एकेका आईच्या भोवती चार-पाच पोरं आणि दुकानांच्या पाट्यांवर हिब्रू अक्षरं. तिथल्या तेराव्या अव्हेन्यूच्या आसपास तयार जेवणाची बरीच दुकानं आहेत. आपलं पोळी-भाजी केंद्र डोळ्यांपुढे आणा, तसंच. फक्त सगळं कोशर. लग्नाकार्याच्या ऑर्डरीही हेच लोक घेतात.

कोशर म्हणजे ज्यू धर्माला चालणारं अन्न. मला ते अगदीच परकं नव्हतं. आमच्या अलिबागेत इस्राएल आळी आहे. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. माझ्या लहानपणी शेजारी त्यांच्यातल्या एक मावशी राहायच्या. मटणाला नारळाचं दूध लावायच्या, दही कधीच नाही, कारण मांस आणि दूधदुभतं एकत्र करायचं नसतं. मासा खवल्यांचा आणि परांचाच हवा. म्हणजे पापलेट आत, कोळंबी, खेकडे, तिसऱ्या उंबऱ्याबाहेर. एवढ्या भांडवलावर मी ब्रुकलिनच्या दुकानात शिरले आणि पहिल्याच दिवशी फजिती करून घेतली. बटाट्याचा कुगेल घेतला. कुगेल म्हणजे किसलेला बटाटा, कांदा, अंडी एकत्र करून भट्टीत भाजलेली जाड वडी म्हणा. घेतला आणि सवयीने विचारलं, सोबत दही मिळेल का? काउंटरवरचा पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. मागे कोंबड्या भाजत होत्या आणि मी दही मागत होते! मावशी असत्या तर त्यांनी कपाळावर हात मारला असता.

पुढे दर शुक्रवारी मी त्या रांगेत असायची. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विसाव्याचा दिवस, लागतो आणि मग चूल पेटवता येत नाही. डिसेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणजे दुपारी बारा-एकलाच दुकानात पाय ठेवायला जागा नाही. शनिवारचं जेवण म्हणजे चोलंट. घेवड्याच्या जातीचे दाणे, जव, बटाटे, मांस असं सगळं एका भांड्यात घालून शुक्रवारी उजेड असतानाच मंद आचेवर ठेवायचं, ते शनिवारी दुपारपर्यंत. पण तरुण पोरांना तेवढा दम कुठला? गुरुवारी रात्री अकराला ती दुकानात येऊन उभ्याउभ्या चोलंट खाताना मी पाहिली आहेत.

आणि त्या रांगेत गिऱ्हाइकांची मतं! त्यासाठी तरी कुणी तिकडे जावं. कुगेल गेल्या आठवड्यात बरा होता. कोंबडी सुकी आहे. भाव बघा, सोनं विकताय का? मी फक्त एक विचारायला आलो, असं म्हणून पुढे घुसणारे तिथेही आहेत. कुगेलच्या ट्रेच्या चार कोपऱ्यांचे तुकडे तर भांडणाचं मूळ. आपल्याकडे भाताच्या खरपुडीवरून भावंडांची जुंपते ना, तीच गत. कोपरा कुरकुरीत, म्हणून प्रत्येकाला कोपराच हवा. ट्रेला कोपरे चारच, याला दुकानदार काय करणार? एक बाई मला म्हणाल्या, मी वीस वर्षं सांगतेय यांना, छोटे ट्रे वापरा.

भावाची तक्रार मलाही पटायची, मग एकदा आत डोकावायला मिळालं. खाली दिवा असलेली काचेची पेटी होती आणि एक दाढीवाले गृहस्थ लेट्यूसचं एकेक पान तिच्यावर पसरून डोळ्यांत तेल घालून किडा शोधत होते. हे मशगियाख, म्हणजे धर्माच्या बाजूने स्वयंपाकघरावर नजर ठेवणारे. आपण पावसाळ्यात पालेभाजी निवडतो तशी यांची बारा महिने निवडानिवड. अंडं फोडलं की आधी वाटीत, रक्ताचा ठिपका दिसला की फेकून द्यायचं. मांस अर्धा तास पाण्यात, मग तासभर मिठात, मग पुन्हा पुन्हा धुवायचं, रक्ताचा अंश राहता कामा नये. जनावराचा मागचा भाग तिथे बहुतेक विकतच नाहीत, कारण त्यातली एक शीर खाणं निषिद्ध आणि ती काढणं फार किचकट. वर दर शनिवारी आणि सणावाराला दुकान बंद. पासओव्हरच्या सणाआधी तर अख्खं स्वयंपाकघर नव्याने शुद्ध करून घ्यायचं. हा सगळा खर्च शेवटी त्या कुगेलवरच बसणार.

एक मात्र माझ्या लक्षात आलं. मिठावरून, भावावरून, पोरांच्या उद्धटपणावरून रांगेत वाटेल ते बोललं जायचं, पण भिंतीवरच्या त्या कोशरच्या प्रमाणपत्राबद्दल चकार शब्द नाही. तिथे शंका आली तर गिऱ्हाईक तक्रार करत बसत नाही, यायचंच थांबतं. म्हणून मला वाटतं, जोवर लोक कुरकुरत होते तोवर दुकानदाराला घोर नव्हता.

खरा वाद असायचा गेफिल्टे फिशचा. गोड्या पाण्यातला मासा, बहुधा कार्प, काटे काढून वाटायचा, त्यात कांदा, अंडं घालून गोळे उकडायचे आणि थंड करून खायचे. कोकणातल्या माणसाने थंडगार उकडलेला मासा म्हटल्यावर काय चेहरा करायचा तो मी केला. वर हे लोक त्यात साखर घालतात! सगळे नाही म्हणा. पोलंडच्या दक्षिणेकडच्या, गॅलिशियाकडच्या ज्यूंचा मासा गोड, लिथुआनियाकडच्यांचा मिरीचा. १९व्या शतकात पोलंडमध्ये बीटापासून साखर काढणारे कारखाने निघाले आणि साखर माशापर्यंत पोहोचली. ती गावं सोडून पिढ्या लोटल्या, पण आजीच्या हाताची चव जिभेवरून हलायला तयार नाही. आमटीत गूळ घालायचा की नाही यावर आपल्याकडे सोयरिकी अडतात, तेव्हा आपण हसू नये.

लेकीच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई होत्या, लिथुआनियाकडच्या घराण्यातल्या. शेवटच्या शुक्रवारी त्यांनी रांगेतच दोन्ही तऱ्हेचे तुकडे कागदी बशीत घेऊन माझ्यापुढे धरले. म्हणाल्या, तू बाहेरची आहेस, तू खरं सांगशील. मागची माणसं थांबली. काउंटरवरचा तो दहीवाला पोरगाही थांबला. मी दोन्ही खाल्ले. बरोबर लाल रंगाची, बीट घातलेली एक झणझणीत चटणी होती, ती नाकात गेली, डोळ्यांतून पाणी आलं. मग मी मत दिलं, दोन्हीत आंबट नाही. मासा म्हटल्यावर दोन आमसुलं तरी हवीत.

लेकीने इंग्रजीत समजावून सांगितलं. म्हातारीने क्षणभर विचार केला, बशी परत घेतली आणि पोराकडे वळून म्हणाली, मिरीचाच दे, आणि हिला कोपऱ्याचा कुगेल दे.