हिऱ्याच्या खिडकीतून

ही गोल चकती तळहातावर मावेल. जाडी दोन मिलिमीटरसुद्धा नाही. काच वाटते, पण आहे हिरा. खाणीतला नव्हे, मिथेन आणि हायड्रोजन वायूंतून प्रयोगशाळेत थरावर थर चढवून वाढवलेला. हिच्यातून सुमारे एक मेगावॉटचे मायक्रोवेव्ह तरंग बाहेर पडतात. स्वयंपाकघरातले हजार ओव्हन एकाच खिडकीतून!

ही खिडकी जायरोट्रॉनची, म्हणजे प्रचंड ताकदीचे मायक्रोवेव्ह तरंग तयार करणाऱ्या यंत्राची. हे यंत्र पहिल्यांदा चाललं १९६४ साली, सोव्हिएत संघातल्या गॉर्की शहरात.

आता त्याच्या पोटात डोकावू. तापलेल्या कड्यातून इलेक्ट्रॉनांचा पोकळ झोत निघतो. अतिवाहक (विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या) चुंबकाच्या क्षेत्रात शिरला की प्रत्येक इलेक्ट्रॉन गरगर फिरू लागतो. चुंबकीय क्षेत्र टेस्लात मोजतात; दर टेस्लामागे सेकंदाला २८ अब्ज फेरे. सुरुवातीला सगळे आपापल्या तालात. पण ज्याला ऊर्जा मिळते तो सापेक्षतेच्या नियमानं किंचित जड होतो, मागे रेंगाळतो. ज्याची ऊर्जा जाते तो हलका होऊन पुढे सरतो. असं करता करता त्यांचे घोळके जमतात आणि सगळे एका तालात तरंगांना ऊर्जा देऊ लागतात. आइन्स्टाइनचं सूत्र इथे अक्षरशः राबतं. कितीही वेळा पाहिलं तरी मन भरत नाही.

तरंग जिथे पोचतात त्या प्लाझ्मातही, म्हणजे अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या तप्त वायूतही, हाच हिशेब. जर्मनीत ग्राइफ्सवाल्डला वेंडेलश्टाइन सेव्हन-एक्स हे अणुसंमीलनाच्या संशोधनाचं यंत्र आहे. तिथलं क्षेत्र अडीच टेस्ला, म्हणजे ७० अब्ज फेरे. तरंग त्याच्या दुप्पट, १४० गिगाहर्ट्झचे. जिथे मेळ जुळतो, नेमक्या त्याच पट्ट्यात उष्णता मुरते. तरंग वळवणारा आरसा जरा कलवला की जागा बदलते.

१० डिसेंबर २०१५. मिलिग्रॅमभर हेलियम, १.८ मेगावॉटचा एक झटका. सेकंदाच्या दहाव्या भागापुरता प्लाझ्मा पेटला, तापमान दहा लाख अंशांच्या घरात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच यंत्रात प्लाझ्मा आठ मिनिटं टिकला.

आठ मिनिटं तरंग सोडत राहायचे, तर खिडकी तगली पाहिजे. धातू तरंग परतवून लावतो. सिरॅमिक तापतं आणि तडकतं. हिरा तरंगांतलं फार थोडं गिळतो, आणि जे गिळतो ते तांब्याच्या कित्येक पट वेगानं कडेला पोचवतो. तिथे, त्या पातळ कडेभोवती, पाणी खेळत असतं.