पाठीतलं पाणी आणि पहिला रिपोर्ट

नमस्कार मंडळी. मी पॅथॉलॉजी लॅबमधे मायक्रोस्कोपपाशी बसणारी बाई, आणि आज बोलायचंय पाठीतल्या पाण्याबद्दल, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असतं आणि कमरेत सुई घालून काढतात त्या पाण्याबद्दल. नातेवाईक पहिलं हेच विचारतात, "मॅडम, पाठीतलं पाणी काढलं की पाय जातात ना?" नाही हो जात! मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, सुई घालतात त्याच्या खाली, तिथे नुसत्या नसांच्या दोऱ्या पाण्यात तरंगत असतात, त्या सुईला बाजू देतात. काहींचं डोकं दुखतं काही दिवस, ते खरंय. पण १० मिली पाणी काढलं तरी शरीर ते अर्ध्या तासात भरून काढतं, दिवसाला जवळपास ५०० मिली तयार होतं ते.

आता हे काढायचं कशाला? तर स्तनाचा, फुफ्फुसाचा किंवा रक्ताचा कॅन्सर असलेल्या पेशंटला डोकेदुखी लागली, एकाचे दोन दिसायला लागले, तोंड वाकडं झालं, तर कॅन्सर मेंदूच्या आवरणात उतरलाय का ते बघायला लागतं. एमआरआय आधी करून घेतात, कारण सुई टोचल्यावर आवरण एमआरआयमधे कॅन्सर नसतानाही उठून दिसू शकतं आणि मग घोळ होतो. पाणी आमच्याकडे आलं की आम्ही ते मशीनमधे फिरवून पेशी काचेवर बसवतो, रंग देतो. एरवी दिसतात त्या बारक्या लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, त्याही मोजक्याच, आणि कॅन्सरची पेशी त्यांच्यापुढे कशी, चांगली थोराड, केंद्रक मोठं, वेडंवाकडं, गडद.

पण मंडळी, आवरणात कॅन्सर असला तरी पहिल्या सॅम्पलमधे त्या जेमतेम निम्म्या पेशंटमधे सापडतात, दुसऱ्यांदा काढलं तर ऐंशी टक्क्यांपर्यंत. म्हणून पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि त्रास तसाच आहे, तर डॉक्टरांना विचारा, परत काढायचं का, किती मिली काढणार, लॅबला कधी पोचणार. विचारायला अजिबात संकोचू नका, कारण बाहेर काढल्यावर या पेशी तासा-दोन तासांतच खराब व्हायला लागतात.

एका ताईंचं पहिलं सॅम्पल आलं ते दोन मिली, तेही चार तासांनी, कुठल्याशा ट्रेमधे पडून राहिलेलं. मी निगेटिव्ह लिहिलं, सोबत "परत पाठवा" असंही लिहिलं, पण घरच्यांनी वाचलं फक्त निगेटिव्ह. दहा दिवसांनी ताईंचा मुलगा स्वतः ट्यूब मुठीत धरून जिना चढून आला, पुरतं १० मिली, काढून वीस मिनिटंसुद्धा झाली नव्हती, आणि काच लावल्या लावल्या त्या पेशी दिसल्या मला, चार-पाच एका ठिकाणी. फोन मीच केला डॉक्टरांना, रिपोर्ट टाइप होईपर्यंत थांबले नाही.