एक खोली कापसाची, एक आमची: साथीचे पहिले पंधरा दिवस

(ओट्यावर बसून. मागे छपरी, खुंटीला दुपट्टा. बाजूच्या कडुनिंबाला तेलाची रिकामी कॅन टांगलेली.)

राम राम मंडळी.

मार्च २०२०. आमच्या घराला तीन खोल्या. एकीत चूल आणि देव, एकीत आम्ही सहा माणसं, आणि तिसरीत कापूस. पार आढ्यापर्यंत. भाव चढेल म्हणून थांबलो होतो, तेवढ्यात लॉकडाऊन लागलं. सरकारी खरेदी थांबली, सरकी काढणाऱ्या जिनिंगची फाटकं बंद. आणि इकडे टीव्हीवर एक बाई रोज सांगायच्या, घरात कोणाला ताप आला तर त्याला स्वतंत्र खोली द्या, स्वतंत्र संडास द्या. आई टीव्हीकडे पाहत म्हणाली, "मंग कापसाले कुठं झोपवू?"

आजचा व्हिडिओ आईच्या या प्रश्नावर आहे.

गावात दोन-चार जण एकदम खोकायला लागले, की अजूनही पानठेल्यावर कोणीतरी मला अडवतंच. "काऊन भाऊ, परत आला का तो?" तो म्हणजे कोरोना. परत येईल का, दुसरंच काही येईल, हे सांगायला मी ज्योतिषी नाही. पण नवी साथ येते तेव्हा सुरुवातीला औषध नसतं, लस नसते, आणि डॉक्टरांनाही रोग अजून शिकायचा असतो. हातात असते ती फक्त काळजी. ती काळजी कशी घ्यायची ते त्या वेळी फ्लॅटमधल्या माणसासाठी लिहिलं गेलं, आणि आपल्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तसंच्या तसं चिकटवलं गेलं. त्यातलं काय कामाचं निघालं आणि कशात आपण उगाच घाम गाळला, ते सांगतो.

आधी तारखा, कारण सगळं किती झपाट्यानं झालं ते आपण विसरलो. ९ मार्चला होळी पेटली, त्याच दिवशी पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले. ११ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेनं ही महामारी आहे असं जाहीर केलं. त्याच सुमाराला नागपुरात अमेरिकेहून आलेला रुग्ण निघाला, आणि पाठोपाठ आमच्या यवतमाळात दुबईच्या सहलीहून परतलेले. २२ ला जनता कर्फ्यू, थाळ्या वाजल्या. २४ च्या रात्री देश बंद, आणि २५ ला गुढीपाडवा. बाजार बंद म्हणून त्या वर्षी आमच्या गुढीला गाठीच नव्हती. म्हणजे होळी ते पाडवा, एवढ्यातच सगळं उलटंपालटं.

गावानं सगळ्यात पहिले काय केलं? रस्त्यावर बंडी, म्हणजे बैलगाडी, आडवी लावली. वर बाभळीच्या काट्या, आणि पाटी: बाहेरच्यांना प्रवेश बंद. मीही त्यात होतो, खोटं कशाला बोलू. काठी घेऊन दोन रात्री जागलो. तिसऱ्या रात्री गावातल्याच एका बाईला कळा सुरू झाल्या. गाडी आली, आणि अंधारात काट्या उपसता उपसता आमचे हात रक्ताळले. पोरगी सुखरूप झाली, नशीब. पण त्या बंडीनं विषाणू अडला का? तो आला तो किराण्याच्या गाडीवरच्या माणसासोबत, बँकेत जाऊन आलेल्यासोबत. म्हणजे आपल्याच माणसांच्या श्वासातून.

इथं जरा थांबतो, कारण सगळी मेख इथं आहे.

तुमच्या घरात कोणी बंद खोलीत मिरच्या भाजल्या तर काय होतं? पार मागच्या खोलीतला म्हातारासुद्धा ठसकतो. त्याच मिरच्या आवारात चूल मांडून भाजा. जवळ बसलेल्या बाईलाच ठसका लागतो, बाकी हवा घेऊन जाते. या विषाणूचं गणित असंच आहे. माणूस बोलतो, खोकतो, मोठ्यानं भजन म्हणतो, तेव्हा बारीक थेंब उडतात. मोठे थेंब दोन-चार हात जाऊन खाली पडतात, पण अगदी बारीक असतात ते बंद खोलीत तरंगत राहतात. सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनाही सांगत होती की हवेतून पसरत नाही, थेंबांपासून जपा. हवेचं त्यांनी नंतर मान्य केलं. तोवर आपण काय करत होतो? भाजी मिठाच्या पाण्यात धुत होतो, दुधाची पिशवी साबणानं पुसत होतो, नोटांवर इस्त्री फिरवत होतो. आणि संध्याकाळी त्याच घरात, दार लावून, वीस जण एका टीव्हीसमोर रामायण पाहत बसत होतो.

खरं तर खेड्याकडे जे आहे ते शहरात पैसे देऊनही मिळत नाही. आवार आहे, छपरी आहे, ओटा आहे. आपण उघड्यावर राहणारी माणसं. फक्त जमायचं असेल तेव्हा आपण आत जातो. तेरवीचं घ्या. अंत्ययात्रेला वीसच माणसं असा नियम होता. आमच्याकडे एका घरी तो अगदी मोजून पाळला. वीसच माणसं, पण सगळी माजघरात, खिडक्या लावून, कारण पोलिसांची गाडी फिरत होती. पुढच्या आठवड्यात त्या घरातले तिघं तापानं पडले. तेच बसणं आवारात, कडुनिंबाखाली, अंतर ठेवून झालं असतं तर धोका कितीतरी कमी झाला असता. माणसं किती एवढंच बघू नका, ती कुठं बसली तेही बघा.

उन्हाचंही सांगून टाकतो, कारण आपल्याकडची ही सगळ्यात लाडकी अफवा. "पंचेचाळीसच्या उन्हात तो काय जगते बाप्पा?" मीही असंच म्हणत होतो. त्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४६ च्या वर गेला, आणि साथ वाढतच राहिली. पुढं २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती, अकोला, यवतमाळ या आपल्याच भागात ती पुन्हा उसळली, आणि एप्रिलच्या भर उन्हाळ्यात सगळ्यात जास्त हाल झाले. कारण सोपं आहे. ऊन बाहेर असतं आणि विषाणू माणसाच्या नाकाघशात. उलट ऊन तापलं की आपणच दारं लावून आत बसतो.

मग कूलर लावायचा की नाही? हे मला खूप जणांनी विचारलंय. लावा, पण खिडकीत, पाठ बाहेर करून. तो बाहेरची हवा आत ढकलतो. समोरची खिडकी किंवा दार फटभर उघडं ठेवलं, की आतली हवा तिथून निघून जाते. कूलर खोलीच्या मधोमध ठेवला आणि दारं लावली, तर तो तीच हवा ओली करून तुमच्या तोंडावर मारतो.

(खुंटीवरचा दुपट्टा काढून.)

आता हा. मास्क शहराला नवा होता, आपल्याला कशाला नवा? फेब्रुवारी संपला की ऊन लागू नये म्हणून आपण डोक्याला-तोंडाला दुपट्टा बांधतोच. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला सरकारनंही सांगितलं की घरी शिवलेला मास्क चालतो. त्याआधी निरोगी माणसाला मास्कची गरज नाही असं सांगत होते. पण दुपट्टा-दुपट्ट्यात फरक आहे. हा झिरझिरीत, उजेडात धरला तर तुम्ही मला दिसता. याचा एक पदर कामाचा नाही. आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घ्या, तीन पदरी करा, नाकाच्या वरून घट्ट बांधा. रोज साबणानं धुवा, उन्हात वाळवा. आणि बोलायच्या वेळी खाली ओढू नका. आपल्याकडे हा रोग फार. दिवसभर तोंड झाकायचं, आणि कोणाशी बोलायची वेळ आली की हनुवटीवर!

हातांचं थोडक्यात. या विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. तेलकट ताटाची चिकटाई साबणानं सुटते, तसं हे आवरण फाटतं आणि विषाणू निकामी होतो. त्यासाठी भारी साबण नको, कपड्याची वडी चालते. वीस सेकंद चोळा, नखांत, बोटांच्या बेचक्यात, अंगठ्याला. अडचण होती ती पाण्याची. आमच्याकडे तेव्हा नळ दोन दिवसांआड. तांब्यानं हात धुवायचे म्हणजे मळका हात आधी तांब्याला लागणार, तोच तांब्या पुढच्यानं धरायचा. म्हणून ही कॅन.

(उठून कॅनजवळ जातो.)

तेलाची पाच लिटरची. खालच्या बाजूला गरम खिळ्यानं भोक पाडलं आणि तोच खिळा त्यात बसवला. खिळा ओढला की धार, दाबला की बंद. खिळ्याला हात लागतो तो साबणाचाच. साबण कांद्याच्या जाळीच्या पिशवीत बांधून बाजूला लटकवलाय, म्हणजे कुत्रं नेत नाही. कॅन भरली की घरच्या सहा जणांना दिवस निघतो. साथ गेली, पण कॅन अजून इथंच आहे. शेतातून आलं की पोरं आधी इथं येतात.

सॅनिटायझरबद्दल माझं मत कडक आहे. पाणी-साबण असेल तिथं त्याची गरज नाही, आणि घरात ठेवलं तर लेकरांच्या आणि दारुड्यांच्या हाती लागू देऊ नका. आमच्या जिल्ह्यात वणीला २०२१ मध्ये दारू मिळेना म्हणून माणसं सॅनिटायझर प्यायली आणि जिवानिशी गेली.

आणि फवारणी! गावातल्या हौशी मंडळींनी पाठीवर पंप अडकवले, औषध भरलं, आणि वेशीवर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर मारायला सुरुवात. पंप कोणते? कपाशीवर मारायचे, तेच. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं याच जिल्ह्यात शेतकरी आणि मजूर गेले, ते आपण डोळ्यांनी पाहिलेलं. तरी तोच पंप माणसांवर धरला. पुढं १८ एप्रिलला केंद्रानं स्पष्ट सांगितलं की माणसांवर असं काही फवारू नका. डोळे, कातडी, छाती, सगळ्याला त्रास, आणि शरीराच्या आत गेलेल्या विषाणूला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्याच दिवसांत माणसं परत येत होती. पुण्या-मुंबईहून कंपनीतली पोरं. तिकडं चंद्रपूर-गडचिरोलीकडचे मजूर तेलंगणात मिरची तोडायला गेलेले, ते तर कितीतरी जण पायी निघाले. बाहेरच्या देशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारायचे, आणि गावात आलेल्याला चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवायचे. चौदा दिवस का? लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला बहुतेकांना पाच-सहा दिवस लागायचे, पण काहींना चौदापर्यंत. एवढंच. तो शिक्का म्हणजे गुन्हा नव्हता, पण आम्ही तसंच वागलो. शाळेतल्या पोरांचं जेवण काठीनं ढकलायचो. परिणाम असा झाला की पुढं ज्याला ताप आला त्यानं तो लपवला. आमच्या आशाताई दारोदार फिरून विचारायच्या, "ताप आहे का, खोकला आहे का?" आणि प्रत्येक घरातून एकच उत्तर, "नाही जी, सगळे बरे आहो." मागच्या खोलीत मात्र कोणीतरी उशीत तोंड दाबून खोकत असायचं.

आता आईच्या प्रश्नाकडे येतो. खोली नाही. मग आजाऱ्याला ठेवायचं कुठं?

आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेलं, प्लेग आला की गाव ओस पडायचं, लोक शेतात झोपड्या टाकून राहायचे. त्यामुळे आमच्याकडेही काही जणांनी आजाऱ्याला शेतातल्या झोपडीत नेऊन ठेवलं. हे करू नका. प्लेगला पळायचे ते उंदरांपासून. इथं आजारी माणूस एकटा पडला, रात्री श्वास लागला, तर मोबाइलला रेंज नाही आणि हाक ऐकायला कोणी नाही. त्यापेक्षा छपरी बरी. आमच्या काकांना ताप आला तेव्हा आम्ही छपरीत बाज टाकली, दोन बाजूंना गोणपाट लावलं, समोरची बाजू उघडी. जेवण ओट्यावर ठेवायचं, ताट त्यांचं वेगळं. संडास एकच होता, म्हणून ते सगळ्यात शेवटी जायचे आणि नंतर अर्धा तास दार उघडं. जवळ जायचं ते एकाच माणसानं, तोंड बांधून. आजी आणि शुगरवाली आत्या यांनी तिकडं फिरकायचंच नाही.

आणि दिवसातून तीनदा ही बोटाला लावायची चिमटी.

(ऑक्सिमीटर बोटाला लावून कॅमेऱ्यासमोर.)

या आजारात एक घातकी गोष्ट होती. रक्तातला ऑक्सिजन उतरायचा आणि माणूस हसत बोलत असायचा. काका म्हणत होते, "मले काई नाई झालं." आकडा दाखवत होता ९१. चौऱ्याण्णवच्या खाली गेला की वाट पाहायची नाही. आकडा घेताना बोट गार नको, नखाला मेंदी किंवा पॉलिश नको, आणि मिनिटभर हात स्थिर ठेवा. नाहीतर ती चुकीचं दाखवते, आणि आपण एकतर घाबरतो नाहीतर गाफील राहतो. काकांना त्याच दुपारी नेलं, बारा दिवसांनी घरी आले. चिमटी आमची नव्हतीच, आशाताईंची होती. आता गावात बचत गटाच्या बायकांनी मिळून एक घेतलीय, ती अंगणवाडीत असते.

अजून एक, आणि हे पैशाचं. एप्रिलमध्ये जनधनच्या खात्यात बायकांना महिन्याला पाचशे असे तीन महिने येणार होते. अफवा उठली, काढले नाहीत तर सरकार परत घेईल. झालं, बँकेसमोर ही गर्दी! अंतर राखायला चुन्याचे गोल आखलेले, त्यांवर माणसांचे घोळके उभे. पैसे कुठंच जाणार नव्हते. असं काही ऐकलं तर आधी बँकमित्राला फोन करा. आणि बीपी-शुगरच्या गोळ्या घरात महिनाभराच्या असू द्या, म्हणजे तेवढ्यासाठी तालुक्याला जावं लागत नाही.

नंबर दोनच आहेत. गाडीसाठी १०८, विचारायचं असेल तर १०४. आमच्याकडे ते कोळशानं मीटरच्या बाजूला लिहून ठेवलेत, कारण मोबाइलमध्ये सेव्ह केलेला नंबर आजीला सापडत नाही.

कापूस? तो जूनमध्ये गेला. भाव पडूनच मिळाला. खोली रिकामी झाली तेव्हा आईनं झाडून काढली, खिडकीला लावलेला पत्रा उपटून फेकला आणि म्हणाली, "आता इथं कापूस नाई ठेवाचा." पुढच्या दिवाळीला तिथं पुन्हा कापूसच होता. पण खिडकी उघडी आहे.