वस्त्रे उतरल्यानंतर

श्रोतेहो, आत्म्याचा विषय निघाला की आपल्याला गीतेतली जीर्ण वस्त्रे आठवतात. बुखाऱ्याजवळ ९८० च्या सुमारास जन्मलेला वैद्य आणि तत्त्वज्ञ इब्न सीना यानेही आपल्या ‘शिफा’ या ग्रंथात अवयवांना वस्त्रांचीच उपमा दिली आहे; इतका काळ ती अंगावर आहेत की ती म्हणजेच आपण, असे आपल्याला वाटू लागले आहे, असे तो म्हणतो. मात्र गीतेतला देही जुने वस्त्र टाकून नवे धारण करतो, आणि इब्न सीनाचा आत्मा, म्हणजे नफ्स, दुसरे वस्त्र कधीच घेत नाही.

हा आत्मा शरीराहून वेगळा कशावरून? इब्न सीना आपल्याला एका माणसाची कल्पना करायला सांगतो. हा माणूस पूर्ण वाढलेला असा एकाएकी निर्माण झाला आहे आणि पोकळीत तरंगतो आहे. त्याचे डोळे झाकलेले आहेत, हवेचा स्पर्शही त्याला जाणवत नाही, हातपाय असे फाकलेले आहेत की बोटाला बोट लागत नाही. आपल्याला हात आहेत, हृदय आहे, मेंदू आहे, यातले काहीही त्याला ठाऊक नाही. तरी ‘मी आहे’ हे तो नाकारणार नाही. या ‘मी’ला जन्मण्यासाठी शरीर लागते, टिकण्यासाठी लागत नाही, असे इब्न सीनाचे मत आहे.

पुनर्जन्माची कल्पना त्याच्या समकालीनांना अपरिचित नव्हती. त्याच्याशी पत्रव्यवहार करणाऱ्या अल-बेरूनी या पंडिताने तर कलमा ही जशी इस्लामची खूण, तसा पुनर्जन्म ही हिंदू धर्माची खूण, असे लिहून ठेवले आहे. इब्न सीनाने पुनर्जन्माची ही कल्पना तर्कानेच नाकारली. शरीर तयार झाले की त्याला साजेसा आत्मा त्याच्यासाठी निर्माण होतोच. त्यात बाहेरून दुसरा आला तर एका देहात दोन आत्मे होतील, आणि आपल्यापैकी प्रत्येकाला तर एकच ‘मी’ जाणवतो.

इथपर्यंत युक्तिवाद भक्कम वाटतो. मला अस्वस्थ करते ते पुढचे. इब्न सीना वैद्य होता, आणि स्मृती व कल्पना या शक्ती त्याने मेंदूतल्या पोकळ्यांत बसवल्या होत्या. स्मृती सर्वांत मागच्या पोकळीत. मग मेंदूची माती झाल्यावर मागे उरणाऱ्या शुद्ध बुद्धीला आपल्या लेकराचा चेहरा आठवेल काय? ही अडचण त्यालाही जाणवली असावी, कारण साध्यासुध्या माणसांचे आत्मे कदाचित आकाशस्थ गोलांच्या, म्हणजे ग्रहताऱ्यांच्या, आधाराने कल्पना करत असतील, हे काही विद्वानांचे मत तो आवर्जून नोंदवतो. देहासह पुनरुत्थान, म्हणजे कयामतीच्या दिवशी मेलेल्यांनी शरीरासह पुन्हा उठणे, हे मात्र धर्मवचनावरून स्वीकारावे, बुद्धीने ते सिद्ध होत नाही, असे तो म्हणतो.

तूसच्या अल-गझाली या धर्मपंडिताला एवढे पुरेसे वाटले नाही. १०९५ मध्ये लिहिलेल्या ‘तहाफुत’ या ग्रंथात त्याने तत्त्वज्ञांची वीस मते खोडून काढली, आणि त्यांपैकी ज्या तीन मतांना कुफ्र, म्हणजे धर्म नाकारणे, ठरवले त्यांत देहासह पुनरुत्थान नाकारणे हे एक होते. कुजलेल्या हाडांना कोण जिवंत करील, या प्रश्नाला कुराणाने दिलेले उत्तर सरळ आहे: ज्याने ती प्रथम घडवली, तोच.

यावर माझ्या मते सर्वांत खोल विचार केला तो शिराझच्या मुल्ला सद्रा या तत्त्वज्ञाने, सतराव्या शतकात. आत्मा उगम पावताना देहरूप असतो आणि टिकतो तो चैतन्यरूपाने, असे त्याने मांडले. कल्पनाशक्तीला त्याने मेंदूच्या पोकळीतून बाहेर काढले. ती आत्म्याचीच असल्यामुळे मरणानंतरही राहते, आणि स्वप्नात आपण जसे देहासह वावरतो तसा आपला परलोकीचा देह आत्मा स्वतःतूनच उभा करतो. तो देह या मातीचा नसतो. तरीही कयामतीच्या मैदानात त्याला पाहणारा म्हणेल की हा तोच अमुक, जो दुनियेत होता.