हातचा एक

श्रोतेहो, नमस्कार. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर एक बेरीज मांडा: 9,99,999 अधिक 1. उत्तर दहा लाख हे बघताक्षणीच कळतं, पण आज ती शाळेतल्यासारखी करू. नऊ आणि एक दहा, शून्य लिहिलं, हातचा एक. पुढचे नऊ आणि हातचा एक, पुन्हा दहा. शून्य लिहिलं, हातचा एक. असं ओळीनं सहा वेळा. हा हातचा आपण आकड्याच्या डोक्यावर बारीक लिहितो आणि पुढं जातो. पण आकडेमोड करणारं यंत्र बनवायला जे जे बसले, त्यांचा खरा झगडा या हातच्याशीच झाला, आणि तो तीनशेहून अधिक वर्षं चालला.

नुसती बेरीज यंत्राला जड नाही. एका चाकाला दहा दाते पाडा, कडेला 0 ते 9 आकडे लिहा. 3 वर असलेलं चाक चार दाते पुढं सरकवलं की 7 दिसतात. अडचण येते ती चाक 9 वरून 0 वर जातं तेव्हा. त्या क्षणी शेजारच्या दहंच्या चाकानं बरोबर एक दाता सरकायला हवं. अर्धा नाही, दोन नाहीत, आणि इतर वेळी तर मुळीच नाही.

जर्मनीत ट्युबिंगेनला विल्हेल्म शिकार्ड नावाचा प्राध्यापक होता. 1623 साली त्यानं खगोलशास्त्रज्ञ केप्लरला पत्रानं कळवलं की आपण आकडेमोडीचं यंत्र तयार केलं आहे. त्याची युक्ती सरळ होती. प्रत्येक चाकाच्या आसावर एकच लांब दाता ठेवायचा; पूर्ण फेरा झाला की तो शेजारच्या चाकाला ढकलतो. यंत्र सहा घरांचं होतं. आता आपली बेरीज त्यावर करून बघा. एकंचं चाक ढकलणाऱ्या बोटालाच पुढची सगळी चाकं त्याच क्षणी ओढून न्यावी लागतात. प्रत्येक चाकाचं घर्षण मागच्यात मिळत जातं आणि सगळा भार पहिल्या दात्यावर येतो. चाकं थोडी असली तर चालतं. घरं वाढवली की दाता वाकतो किंवा यंत्र अडकतं. केप्लरसाठी बनत असलेलं यंत्र पुरं होण्याआधीच आगीत जळालं, आणि शिकार्डचं काम पुढं काही शतकं विस्मरणात गेलं.

फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कलनं 1642 साली काम सुरू केलं तेव्हा तो 19 वर्षांचा होता. वडिलांकडं करवसुलीचे हिशेब असत, त्यांचा भार हलका व्हावा म्हणून त्यानं हे हाती घेतलं. दुखणं कुठं आहे ते त्यानं नेमकं ओळखलं: हातचा पुढं न्यायची ताकद पहिल्या चाकाकडं मागायचीच नाही. त्यानं प्रत्येक चाकाजवळ वजनाची एक तरफ बसवली. चाक 9 कडं जाऊ लागलं की त्याच्या खुंट्या ती तरफ हळूहळू वर उचलतात. 9 वरून 0 येताना खुंटी सुटते, तरफ आपल्याच वजनानं खाली पडते आणि पुढच्या चाकाला एक दाता लाथ मारते. थोडक्यात, हातच्याला लागणारी शक्ती प्रत्येक घर आधीच साठवून ठेवतं. 9,99,999 मध्ये सहाही तरफा वर उचललेल्या असतात. एक पडली की उभ्या लावलेल्या पत्त्यांसारख्या बाकीच्या ओळीनं पडतात. बोटाला जोर एकाच चाकाचा.

मला हा विचार सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर वाटतो. मात्र त्याची किंमतही होती. तरफ वजनावर चालत असल्यानं यंत्र सपाट ठेवावं लागे. शिवाय चाकं एकाच दिशेनं फिरत, म्हणून थेट वजाबाकी होत नसे. ती 9 च्या पूरक संख्यांनी करावी लागे: प्रत्येक आकडा 9 मधून वजा करून मांडायचा आणि बेरीजच करायची.

जर्मन गणिती लायब्निझला गुणाकार हवा होता. त्याच्या नळकांड्यावर नऊ दाते होते, पहिला आखूड, पुढचा त्याहून लांब, असे चढत्या लांबीचे. छोटं चाक नळकांड्यावर कुठं सरकवलं आहे, त्यावर किती दाते लागतील ते ठरे. मूठ एकदा फिरवली की अख्खी संख्या मिळवली जाते. सात वेळा फिरवली की सातपट. पण इथं सगळी घरं एकाच वेळी फिरतात. एकंकडून आलेला हातचा दहंवर आदळतो तेव्हा दहंचं चाक स्वतःच फिरत असतं. म्हणून लायब्निझनं हातचा मागं ठेवला: आधी बेरीज, मग हातचे. तरीही एका हातच्यातून दुसरा निघाला तर तो वाटेत थांबून राही. अशा वेळी पंचकोनी चकतीचं टोक वर आलेलं दिसे आणि चालवणाऱ्यानं ती हातानं फिरवायची. 1673 साली त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीत दाखवला तो नमुनाही अपुराच होता.

आता इंग्लंडचा गणिती चार्ल्स बॅबेज. त्याची गोष्ट बहुतेकदा पैशांच्या भांडणाची म्हणून सांगितली जाते. 1823 ला सरकारी मदत सुरू झाली, 17,000 पौंडांहून अधिक खर्च झाला, 1842 ला सरकारनं हात काढून घेतला. हे खरं आहे, पण त्यात त्याची कारागिरी झाकली जाते. त्याचं डिफरन्स इंजिन, म्हणजे गणिती कोष्टकं काढणारं यंत्र, फक्त बेरजा करतं; त्याच्या दुसऱ्या आराखड्यात तर 31 आकडी. एवढी घरं असल्यावर सगळी मदार हातच्यावर.

त्यानं बेरीज आणि हातचा दोन वेगळ्या पायऱ्यांत बांधले. पहिल्या पायरीत 9 वरून 0 वर गेलेलं चाक फक्त एक खिटी सरकवतं. ती खूण, बाकी काही नाही. दुसऱ्या पायरीत उभ्या दांड्यावर जिन्याच्या पायऱ्यांसारखे गोल चढत गेलेले हात फिरतात. एकंचा हात आधी पोचतो, मग दहंचा, मग शतंचा. जिथं खूण असेल तिथं हात वरच्या चाकाला एक दाता पुढं नेतो. त्यामुळं वरचं चाक 9 वरून 0 झालं तर त्याचीही खूण पडते, आणि त्याचा हात तिथं अजून पोचायचा असतो. म्हणून एकही हातचा सुटत नाही. शिवाय दात्यांमध्ये पाचरी घुसतात. एखादं चाक दोन आकड्यांच्या मध्ये राहिलं असेल तर पाचर बसत नाही आणि यंत्र थांबतं. चुकीचं उत्तर देण्यापेक्षा अडकणं बरं, हे त्यानं धातूतच कोरून ठेवलं. 1847 ते 1849 या काळात आखलेल्या दुसऱ्या डिफरन्स इंजिनाचा गणन विभाग लंडनच्या सायन्स म्युझियमनं 1991 साली बांधला, आणि तो चालला.

पण हात एकामागून एक फिरायला वेळ लागतो. ॲनालिटिकल इंजिन या त्याच्या कुठलीही आकडेमोड करू शकणाऱ्या यंत्रासाठी हे बॅबेजला खटकलं. बेरीज क्षणात, हातचा मात्र घरोघर चालत जाणार! तेव्हा त्यानं विचारलं, बेरीज झाल्यावर घराच्या अवस्था किती? तीनच. एक, घर 9 ओलांडून गेलं: तिथून हातचा निघणार. दोन, घर 9 वर उभं आहे: खालून हातचा आला तर ते तो वर पाठवणार. तीन, घर 8 किंवा त्याखाली: आलेला हातचा तिथंच जिरणार. पहिली आणि दुसरी अवस्था एकाच घराला एकदम येत नाही, कारण 9 आणि 9 मिळून 18, म्हणजे 9 ओलांडलेलं घर जास्तीत जास्त 8 वर थांबतं. म्हणून 9 वरच्या घरांमध्ये धातूचे दुवे सरकवायचे, सलग साखळी करायची आणि एकाच हिसक्यात सगळी घरं पुढं न्यायची. हातचा येईल का हे यंत्र आधीच ओळखतं.

बर्लिनच्या कोनराड त्सूझेनं 1941 साली पुरं केलेल्या झेड-3 यंत्रात आकडे दोनच, 0 आणि 1, आणि चाकांच्या जागी रिले, म्हणजे विजेनं उघडमीट होणारे स्विच. अवस्था त्याच तीन. 1 आणि 1: हातचा निघतो. 0 आणि 0: जिरतो. एक 1 आणि एक 0: आला तसा पुढं जातो. आधी आकड्यांप्रमाणे रिलेचे संपर्क जुळतात, मग वीज सोडली की हातचा सगळी घरं एकाच दमात पार करतो.

सिलिकॉनच्या चिपमध्ये मात्र तो पुन्हा अडतो, कारण प्रत्येक घराच्या सर्किटला थोडा वेळ लागतो आणि 64 घरांत तो साठत जातो. म्हणून तिथं बहुधा चार-चार घरांचे गट करतात आणि प्रत्येक गटाला तोच प्रश्न विचारतात: हातचा निघतो, पुढं जातो की जिरतो?