नऊ वार, पण कशाचे?

‘द होल नाइन यार्ड्स’ म्हणजे सगळंच्या सगळं, अथपासून इतिपर्यंत. अमेरिकन माणूस हे सहज बोलून जातो. पण हे नऊ वार कशाचे, असं विचारलं की जो तो आपलंच घोडं दामटतो.

सगळ्यांत लाडकी कथा दुसऱ्या महायुद्धाची. लढाऊ विमानातल्या मशीनगनच्या काडतुसांचा पट्टा म्हणे २७ फूट, म्हणजे नऊ वार लांब. वैमानिकानं तो शत्रूवर पुरता रिकामा केला, की झाले ‘नाइन यार्ड्स’. ऐकायला झकास! कुणी काँक्रीटच्या ट्रककडे बोट दाखवतं. कुणी अमेरिकन फुटबॉलकडे; पण तिथे चेंडू दहा यार्ड (वार) पुढे न्यावा लागतो, नऊवर अडकलेल्याचं कौतुक कोण करणार?

मग २०१२ मध्ये येल लॉ स्कूलचे फ्रेड शापिरो आणि संशोधक बॉनी टेलर-ब्लेक यांच्या धांडोळ्यातून केंटकीतलं एक जुनं वर्तमानपत्र समोर आलं. ‘माउंट व्हर्नन सिग्नल’, साल १९१२. रिपब्लिकन पक्षात टेड आणि बिल, म्हणजे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट, यांची जुंपली होती. डेमोक्रॅट लेखक मिटक्या मारत म्हणतो: भांडण जरा तापू द्या, हे दोघं एकमेकांचं सगळं बाहेर काढतील. आणि या ‘सगळं’साठी त्यानं लिहिलंय ‘द होल सिक्स यार्ड्स’.

नऊ नव्हे, सहा!

विमानाचा पट्टा इथेच तुटला. शापिरोंच्या मते आकडा नुसता फुगत गेला. ‘क्लाउड नाइन’ (आनंदाच्या शिखरावर असणं) हा वाक्प्रचारसुद्धा आधी सात-आठवर होताच. (आपल्याकडे मात्र उलटं: नऊवारीची सहावारी झाली.)

तरी नऊचा आकडाही नवा नाही. इंडियानातल्या मिचेल गावच्या वर्तमानपत्रात १९०७ मध्ये बेसबॉलच्या सामन्याची बातमी आहे: गावचे व्यापारी झेपतील तितके डाव खेळतील, ‘फुल नाइन यार्ड्स’ची हमी नाही.

आणि त्याच इंडियानात, १८५५ साली, एक विनोदी किस्सा छापून आला होता. न्यायाधीशमहाशयांनी तीन शर्टांपुरतं कापड आणवलं; शिवणारणीनं अख्खे नऊ वार एकाच शर्टात घातले. शब्द तेच, ‘द होल नाइन यार्ड्स’. फक्त इथे ते खरोखरचं कापड आहे, कात्रीनं कापलेलं.